अडखळलेल्या वाचकाची दुरुस्ती

बेंगळुरू शहराच्या पूर्वेस, 1882 साली, युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनचे संस्थापक डेव्हिड इमॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट यांच्या खटपटीने आणि म्हैसूरचे महाराज चामराज वाडियार यांनी बहाल केलेल्या सुमारे 3,900 एकर जमिनीवर, अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून स्वावलंबी व्हावे या हेतूने जी वसाहत वसवण्यात आली, तीच आजची व्हाइटफील्ड होय. शंभरएक वर्षे हे गाव आपल्या संथ गतीने नांदले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र तेथे इंटरनॅशनल टेक पार्कची मुहूर्तमेढ रोवली गेली, निर्यात-उद्योगांसाठी राखून ठेवलेल्या शेजारच्या पट्ट्यात एसएपी लॅब्जसारख्या कंपन्यांची विस्तीर्ण आवारे उभी राहिली, आणि 2023 च्या मार्चमध्ये कृष्णराजपुरापासून कडुगोडीपर्यंत मेट्रोही धावू लागली. पुण्याहून, सांगलीहून, बेळगावाहून, नागपुराहून आलेली मराठी मुले-मुली या परिसरात आता इतकी झाली आहेत की संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी मराठी बोलणे कानी पडले तर कोणी मान वळवून पाहत नाही.

या मंडळींच्या कामाविषयी बाहेरच्या माणसाची अशी समजूत असते की ती दिवसभर संगणकाला आज्ञा लिहीत बसतात. वस्तुतः त्यांच्या दिवसाचा फार मोठा हिस्सा वाचनात जातो; आणि जे वाचायचे त्यातला बराचसा मजकूर मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची दस्तऐवजे, म्हणजे कचेरीच्या बोलीत ज्यांना नुसते ‘डॉक्स’ म्हणतात ती पाने, असा असतो. हे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य घेता येते, उघडून पाहता येते व बदलता येते. परंतु ते यंत्रावर बसवावे कसे, चालवावे कसे आणि बिघडल्यास काय करावे हे सांगणारा मजकूर पुष्कळदा स्वयंसेवकांनीच लिहिलेला असतो, आणि तो अपुरा किंवा शिळा असल्याची तक्रार सार्वत्रिक आहे. असे प्रकल्प जेथे ठेवले जातात ते संकेतस्थळ चालवणाऱ्या गिटहब या कंपनीने 2017 साली केलेल्या पाहणीत 93 टक्के लोकांनी अपुऱ्या व कालबाह्य दस्तऐवजांचा त्रास होतो असे नमूद केले, आणि त्याच पाहणीत 60 टक्के योगदानकर्त्यांनी असेही सांगितले की आपण दस्तऐवजांच्या कामाला क्वचित हात लावतो अथवा कधीच लावत नाही. या दोन आकड्यांवरून लोक आळशी आहेत किंवा कृतघ्न आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. दोष माणसांच्या वृत्तीत नसून, चूक ज्याला दिसली त्याच्यापासून ती जेथे सुधारायची तेथपर्यंतच्या वाटेत आहे, आणि ती वाट कशी आखली गेली हे समजून घेतल्यावाचून तिचा उपाय सापडणार नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, कडुगोडीच्या एका भाड्याच्या खोलीत सांगलीकडची एक मुलगी रात्री जेवणानंतर पायथन भाषेतले एखादे मुक्त साधन आपल्या संगणकावर बसवीत आहे. पानावर लिहिले आहे की प्रथम एक स्वतंत्र आभासी कप्पा तयार करा, आणि त्यासाठी एका ओळीची आज्ञा दिली आहे. ती आज्ञा तिने जशीच्या तशी उतरवली तरी यंत्र ती नाकारते. अर्धा तास शोधाशोध केल्यावर तिला उमगते की उबुंटू या लिनक्स संचालनप्रणालीवर पायथनबरोबर ‘व्हेन्व’ नावाचा भाग पूर्णपणे आपोआप येत नाही, त्याचे पॅकेज वेगळे बसवावे लागते. पानाच्या लेखकाच्या यंत्रावर ते केव्हापासूनच असल्यामुळे ते सांगण्याची गरज त्याला भासलीच नाही. घरच्या माणसांना उंच उंबरठा वर्षानुवर्षे जाणवत नाही, ठेच लागते ती पाहुण्याला. आणि म्हणून उंबरठ्याविषयी सांगण्याचा अधिकार त्या क्षणी घरातल्या कोणाहीपेक्षा पाहुण्याचा मोठा असतो.

या मुलीजवळ आता असे ज्ञान आहे की जे त्या प्रकल्पाच्या निष्णात प्रवर्तकांजवळ नाही व प्रयत्न करूनही असणार नाही, कारण अज्ञानाच्या अवस्थेत परत जाणे कोणालाही साधत नाही. हे ज्ञान अल्पायुषी असते. उद्या ती कचेरीत जाईल, आठवड्याभरात ते साधन तिच्या हातवळणी पडेल, आणि आपण कोठे अडलो होतो हे तिलाच आठवेनासे होईल. दस्तऐवजांची खरी दुरुस्ती करू शकणारा माणूस प्रकल्पाला अशा रीतीने फक्त काही घटका उपलब्ध असतो. स्वयंसेवकांसाठी वाट सुकर करणे म्हणजे या घटका वाया जाऊ न देणे. बाकीचा सर्व विचार या एका गोष्टीच्या अनुषंगाने व्हावयास हवा.

आणि प्रत्यक्षात त्या घटकांत तिच्यापुढे काय मांडून ठेवलेले असते? एका ओळीची ही भर घालण्यासाठी तिला प्रथम खाते उघडावे लागते. मग प्रकल्पाच्या संपूर्ण भांडाराची स्वतःच्या नावे नक्कल करावी लागते, जिला फोर्क म्हणतात. ती नक्कल आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागते. त्यात एक निराळी शाखा काढावी लागते. शेकडो फायलींतून ते पान नेमके कोणत्या फायलीत आहे हे हुडकावे लागते. आणि ती फाईल ज्या खुणांच्या लिपीत लिहिलेली असते तिच्यात दोन विसर्ग कोठे द्यावेत व किती जागा मोकळी सोडावी याचे नियम काटेकोर असल्यामुळे तेही शिकावे लागतात. पान नीट दिसते की नाही हे पडताळण्यासाठी आणखी काही साधने बसवावी लागतात, आणि ज्या मुलीला मुळात एक साधन बसवताना अडचण आली होती तिने ती दूर करण्यासाठी चार साधने बसवावीत अशी अपेक्षा तेथे असते. पुढे बदलाची नोंद ठरावीक नमुन्यातच करावयाची, आणि पुष्कळ प्रकल्पांत तिच्याखाली हमीची ओळ लिहावयाची. हा मजकूर माझा आहे व तो देण्याचा मला हक्क आहे अशी हमी घेण्याची ही प्रथा लिनक्सच्या गाभ्याच्या कामात 2004 साली पडली, आणि तिला कायद्याच्या दृष्टीने सबळ कारण आहे हे मान्य केले पाहिजे. अखेरीस बदल मंजुरीसाठी सादर होतो. लगेच स्वयंचलित तपासणी लाल खूण दाखवते, कारण एका ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहून गेली आहे. तीही दुरुस्त केल्यावर वाट पाहणे उरते, आणि आठवडे उलटले तरी कोणी एका शब्दाने उत्तर देत नाही.

यातली एकही पायरी कोणी दुष्टपणाने घातलेली नाही. यातल्या पुष्कळ पायऱ्या ज्याच्या आहेत ते गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या गाभ्यासाठी घडवले, तेथे हजारो लोकांनी केलेले बदल एकमेकांना न तुडवता एकत्र आणावयाचे होते, आणि त्या कामी त्याची प्रत्येक पायरी अर्थपूर्ण आहे. पुढे डॉक्सही त्याच भांडारात ठेवली जाऊ लागली, कारण प्रणाली आणि तिचे वर्णन एकत्र राहिले म्हणजे ते एकत्र बदलते. हाही विचार योग्यच होता. मात्र त्याबरोबर शहाण्या अभियंत्यासाठी आखलेला दप्तराचा सारा शिरस्ता अडखळलेल्या वाचकाच्याही माथी आला, आणि तो त्याला झेपेल काय, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

हा प्रश्न संगणकापूर्वीही होता, आणि एका माणसाने तो फार समंजसपणे सोडवला होता. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी 1879 साली इंग्रजी वाचणाऱ्या समस्त लोकांना आवाहन केले की तुम्ही जी पुस्तके वाचाल त्यांतून शब्दांच्या वापराचे दाखले आम्हाला पाठवा. शब्दाची व्याख्या करा, व्युत्पत्ती द्या, अशी मागणी त्यांनी केली नाही. कागदाच्या एका लहान चिठ्ठीवर वरच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, ग्रंथकार, ग्रंथ, पृष्ठ आणि मग ते संपूर्ण वाक्य, एवढेच लिहावयाचे होते, आणि नमुना छापूनच दिलेला होता. ज्याला ग्रंथ वाचता येतो त्याला ती चिठ्ठी भरता येई; वर्गवारी, पडताळणी, अर्थनिश्चिती ही अवघड कामे मरे यांच्या कचेरीने आपल्या शिरावर घेतली. ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या घरासमोर टपाल खात्याने एक पत्रपेटी उभी केली, इतका त्यांचा पत्रव्यवहार दांडगा होता. कोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला. तो 1928 साली पूर्ण झाला तेव्हा मरे हयात नव्हते, पण चिठ्ठ्यांची ती पद्धत अखेरपर्यंत टिकली. मागणी लहान, नमुना स्पष्ट आणि अवघड भाग कचेरीकडे, ही तिची बैठक होती.

मुक्तस्रोताच्या जगातही हे शहाणपण आरंभी होते. 1992 साली सुरू झालेल्या लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टने ‘हाऊ-टू’ नावाची जी मार्गदर्शक पत्रके तयार करवली, ती जिच्यात ठेवली जात ती खुणांची लिपी क्लिष्ट होती. तरी नव्या लेखकाने आपला पहिला मसुदा जमेल त्या स्वरूपात पाठवावा, तो त्या लिपीत बसवण्यास स्वयंसेवक मदत करतील, अशी मुभा तेथे होती. पुढे त्यांतली अनेक पत्रके जुनी होऊन पडून राहिली, कारण लिहिणारा पांगला म्हणजे त्याच्या पत्रकाचा वाली कोण हे ठरलेले नव्हते.

बेंगळुरूपुरते बोलावयाचे तर या बाबतीत अतुल चिटणीस यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे अनुचित होईल. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले आणि बेंगळुरूत स्थायिक झालेले चिटणीस हे ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाच्या ज्या उपक्रमामागे होते, त्याने 1996 पासून लिनक्सच्या सीडी भारतीय वाचकांच्या हाती पोहोचवल्या. इंटरनेट दुर्मीळ व महाग असलेल्या त्या दिवसांत अनेकांची लिनक्सशी पहिली ओळख त्या तबकडीनेच झाली. 2001 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद भरवली, 2005 पासून ती ‘फॉस डॉट इन’ झाली, आणि 2012 पर्यंत चालली. 2013 च्या जूनमध्ये चिटणीस निवर्तले. या परिषदेची उत्तरार्धातली वर्षे मला अधिक महत्त्वाची वाटतात, कारण भारतात वापरणारे अमाप झाले पण हातभार लावणारे थोडे राहिले हे ओळखून त्यांनी तिचा रोख भाषणे ऐकण्यावरून प्रत्यक्ष प्रकल्पांवर बसून काम करण्याकडे वळवला. ज्याला वाट ठाऊक आहे तो माणूस शेजारच्या खुर्चीवर बसला असता नवख्याच्या चार तासांच्या अडचणी चार मिनिटांत सुटतात, आणि मुख्य म्हणजे त्याला आपण परके आहोत असे वाटत नाही.

वाटेतल्या पायऱ्या कमी करण्याचे उपाय आता बरेच उपलब्ध आहेत. जॉन ग्रुबर यांनी 2004 साली मांडलेली मार्कडाऊन ही लिपी साध्या मजकुराइतकीच सोपी आहे. पानाच्या कडेला ‘हे पान सुधारा’ असा दुवा ठेवला आणि तो थेट त्याच फायलीवर नेणारा असला, तर हुडकण्याचे श्रम वाचतात. फोर्क आणि शाखा ही कामे गिटहबचे संकेतस्थळ पडद्याआड स्वतःच उरकते. सादर झालेला बदल पानावर कसा दिसेल याची प्रत रीड द डॉक्ससारखी सेवा आपोआप तयार करून देते, तेव्हा स्वयंसेवकाने काहीच बसवावयाचे राहत नाही. ओळीच्या शेवटची रिकामी जागा ज्या यंत्राला सापडते त्यालाच ती पुसताही येते. तिच्यापायी माणसाला परत पाठवणे हे मला अक्षम्य वाटते.

यावर असे विचारता येईल की मग विकिपीडियासारखी सरसकट मोकळीकच का देऊ नये? मराठी विकिपीडिया 2003 पासून त्याच तत्त्वावर उभा आहे. मोझिला संस्थेची वेब-तंत्रज्ञानाची डॉक्स, जी जगभरचे विकासक रोज उघडतात, तीही 2005 पासून विकी स्वरूपात होती. कोणीही बदल करावा, तो तत्काळ प्रसिद्ध व्हावा, आणि तपासणी मागाहून व्हावी अशी तेथली रीत होती. 14 डिसेंबर 2020 रोजी मोझिलाने ती रीत सोडून सारा मजकूर गिटहबवर नेला. मागाहून तपासण्याचे ओझे मूठभर लोकांवर पडते, आणि खोडसाळ भर उपसण्यातच त्यांचा दिवस जातो. आधी तपासणी झाली म्हणजे पानाची विश्वासार्हता राखली जाते व चर्चाही बदलाशेजारीच नोंदली जाते. काही सोपेपणा यात गेला हे खरे, परंतु हा सौदा मला रास्त वाटतो.

नुसत्या सोपेपणाचा धोका त्याच वर्षी ऑक्टोबरात निराळ्या रीतीने दिसून आला होता. डिजिटलओशन ही कंपनी 2014 पासून हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम चालवी, आणि ठरावीक संख्येने बदल सादर करणाऱ्यास टी-शर्ट देई. 2020 साली प्रकल्पांच्या पहिल्या पानावर एखादे विशेषण डकवणाऱ्या निरर्थक बदलांचा असा लोंढा आला की सांभाळणारे मेंटेनर हवालदिल झाले, आणि ज्या प्रकल्पाने स्वतःहून नाव नोंदवले त्यापुरताच हा उपक्रम राहील असा नियम कंपनीला मध्येच करावा लागला. डॉक्समधला बदल सर्वांत सोपा म्हणून सर्वांत आधी त्याचाच गैरवापर होतो, आणि मग चिडलेला मेंटेनर खऱ्या दुरुस्तीकडेही संशयाने पाहू लागतो. यावर उपाय दार लावून घेणे हा नव्हे. मरे यांच्या चिठ्ठीप्रमाणे काय हवे ते नेमके सांगावे: ‘हे पान उबुंटूच्या ताज्या आवृत्तीवर पडताळून पाहा’, ‘या आज्ञेचे अपेक्षित उत्तर येथे लिहा’. असे काम टी-शर्टसाठी आलेल्याला आकर्षक वाटत नाही आणि खऱ्या वाचकाला सहज जमते.

परंतु माझ्या मते सर्वांहून मोठा अडथळा उत्तराच्या अभावाचा आहे. वाट कितीही खडतर असो, पलीकडे कोणी तरी आहे हे कळले तर माणूस ती चालतो. आणि ती कितीही सपाट केली, पण शेवटी मौनच भेटले, तर पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. पहिले उत्तर सविस्तर नसले तरी चालेल, ते लवकर असावे. ‘मिळाले, आभार, अमुक तारखेपर्यंत पाहतो’ एवढा शेराही पुरेसा होतो. बदलात उणिवा असतील तर त्या एकदम सांगाव्यात. आज स्वल्पविराम, चार दिवसांनी शीर्षक, आठवड्याने शब्दक्रम, अशा हप्त्यांनी नव्हे. आणि ज्या किरकोळ दुरुस्त्या मेंटेनरला स्वतः करता येतात त्या त्याने करून टाकाव्यात, मात्र श्रेय ज्याचे त्याला द्यावे, कारण बदलाच्या नोंदीत आपले नाव कायमचे राहिले हाच पुष्कळदा या कामाचा एकमेव मोबदला असतो.

भाषेच्या भयाचा विचार यापुढे अटळ आहे. मराठी शाळेत शिकून आलेला आणि कामात तरबेज असलेला तरुणही इंग्रजी डॉक्सना हात लावण्यास कचरतो. आपले इंग्रजी जगापुढे उघडे पडेल, कोणी तरी ते खोडून दाखवील आणि ते खोडणे कायम नोंदलेले राहील, ही धास्ती खरी आहे. तिच्यापुढे जाडजूड शैली-नियमावली ठेवली की ती दुप्पट होते. नियमावली असावी, पण ती तपासणाऱ्याने पाळावयाची. आणि प्रकल्पाने आपल्या मार्गदर्शक पानावर ठळक लिहावे की तुम्ही वस्तुस्थिती बरोबर सांगा, भाषा आम्ही नीट करू. मला तर असेही वाटते की ज्या प्रकल्पात मराठी जाणणारी दोन माणसे आहेत त्याने वाचकाला आपली तक्रार मराठीत लिहिण्याचीही परवानगी द्यावी. ‘हे पॅकेज आधी टाकावे लागते, नाहीतर पुढची कमांड चालत नाही’ या वाक्यात जे मोलाचे आहे ते इंग्रजीवर अवलंबून नाही.

अनुवादाच्या क्षेत्रात ही वाट आधीच पुष्कळ सोपी झाली आहे. वेबलेटसारख्या साधनात, जे 2012 साली निघाले, अनुवादकापुढे एका वेळी एक वाक्य येते, शेजारी रिकामी चौकट असते, गिटचा व्यवहार मागे आपोआप चालतो. मूळ वाक्य बदलले की गेटटेक्स्ट या अनुवाद-साधनाच्या पद्धतीत जुन्या मराठी वाक्यावर ‘शंकास्पद’ अशी खूण होते, ते फेकले जात नाही आणि आंधळेपणाने दाखवलेही जात नाही. अनुवादकाने येऊन पाहिले की ते पुन्हा रुजू होते. मूळ डॉक्सनाही अशी खूण हवी: सॉफ्टवेअरची आज्ञा बदलली की ती सांगणाऱ्या प्रत्येक परिच्छेदावर तपासणीची खूण उमटावी, म्हणजे कोठे हात द्यावा हे स्वयंसेवकाला शोधावे लागणार नाही.

व्हाइटफील्डकडे या कामासाठी लागणारी माणसे आहेत. तेथील कचेऱ्यांत तांत्रिक लेखनावर निर्वाह करणारे शेकडो व्यावसायिक आहेत, आणि 2013 साली सुरू झालेल्या ‘राइट द डॉक्स’ या दस्तऐवजकारांच्या चळवळीच्या बैठका बेंगळुरूतही भरत आल्या आहेत. एसएपीनेही आपल्या काही उत्पादनांची डॉक्स गिटहबवर खुली ठेवून बाहेरच्या वाचकाला तेथूनच दुरुस्ती सुचवण्याची मुभा दिली आहे. या व्यावसायिकांनी मुक्त प्रकल्पांसाठी नवी पाने लिहावीत अशी अपेक्षा वारंवार केली जाते. माझी अपेक्षा निराळी आहे. त्यांनी आठवड्यातून एक तास एखाद्या प्रकल्पाची तुंबलेली बारनिशी उपसावी: सर्वांत जुना अनुत्तरित बदल आधी घ्यावा, सादर करणाऱ्याला उत्तर द्यावे, त्याचे इंग्रजी नीट करावे, आणि मेंटेनरपुढे तो फक्त मंजुरीची सही उरेल अशा अवस्थेत ठेवावा. त्यांच्या कंपन्यांनी तो तास पगारी धरावा, कारण त्यांचे उत्पादन याच मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभे आहे. आरंभ सॉफ्टवेअर बसवण्याच्या पानांपासून करणे इष्ट. नवा वाचक प्रथम तेथेच येतो, आणि ती पाने पडताळण्यास एक कोरे यंत्र पुरते.